सूर्यफुलाची पाठ पिवळी पडली की

आमच्या अंगणातलं सूर्यफूल पिकत आलं हे सगळ्यात आधी खारीला कळतं. मग पोपटांना. उंदीर रात्रीचे येतात, त्यामुळे त्यांना नेमकं कधी कळतं ते सांगता येत नाही. वानरांना पिकण्याशी काही घेणंदेणं नसतं, ती आली की झाडच वाकवतात. या रांगेत माझा नंबर शेवटचा, आणि मला हवं होतं तरी काय, तर पुढच्या वर्षी पेरायला मूठभर बी.

बी सोलापूरकडचं. माझी मावशी बार्शीजवळ राहते, तिच्या बांधावर जुन्या वाणाचं सूर्यफूल अजून लावतात. तेलासाठी हे पीक आपल्या देशात आलं १९६९ च्या सुमारास, रशियातल्या जातींपासून, आणि सोलापूर-लातूर भागात एके काळी त्याची शेतंच्या शेतं पिवळी दिसायची. आता दुकानात पाकीट आणायला जावं तर बहुतेक संकरित मिळतं. संकरिताचं झाड देखणं येतं, पण त्याचंच बी धरून पुन्हा पेरलं की एक झाड कमरेएवढं, दुसरं डोक्यावर, एकाला एकच मोठं फूल तर दुसऱ्याला पाच फांद्या, असं काहीही उगवतं. नुसती शोभा हवी असेल तर चालेल. दर वर्षी तेच फूल हवं असेल तर सरळ वाणाचं बी लागतं, आणि ते एकदा हातचं गेलं की पुन्हा मावशीला फोन. मावशी देते, पण "गेल्या वर्षीचं काय केलंस गं?" हा प्रश्न पुडीबरोबर येतो.

आमचं घर गुहागरच्या बाजूला. इकडची गावं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना रचना ठाऊक असेल. रस्ता, मग बेडं म्हणजे फाटक, अंगण, ओटी, घर, आणि घरामागे नारळी-पोफळीचं आगर, ते पार सुरूच्या झाडांपर्यंत आणि समुद्राच्या पुळणीपर्यंत. आगरात सूर्यफूल लावून उपयोग नाही. नारळाच्या सावलीत ते नुसतं उंच होतं आणि मान टाकतं. म्हणून ते पुढच्या अंगणात, गडग्याच्या म्हणजे दगडी कुंपणाच्या कडेला, जिथे दिवसभर ऊन असतं. पावसाळ्यात लावायचा तर प्रश्नच नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. दिवाळी झाल्यावर, भात घरात आलं की लोक वाल-कुळीथ पेरतात, त्या सुमारास मी बी टोकते. जानेवारीत फुलं, फेब्रुवारी सरता सरता बी. शिमग्याच्या आत हे सगळं आटपलेलं बरं, कारण पालखी वाडीत आली की अंगणाकडे लक्ष द्यायला घरात कोणी नसतं.

सूर्यफूल सूर्याबरोबर फिरतं, हे शाळेत शिकलो ते अर्धंच खरं. फिरतं ते कोवळं झाड. फूल उमललं, देठ जून झाला, की मान पूर्वेला स्थिरावते आणि तशीच राहते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असं दिसलं, की पूर्वेला तोंड असलेली फुलं सकाळी लवकर तापतात आणि त्या उबेमुळे त्यांच्यावर मधमाश्या जास्त येतात. आमच्याकडे याचा परिणाम असा, की फुलं समुद्राकडे पाठ करून सह्याद्रीकडे बघत असतात. रस्त्याने जाणाऱ्यांना त्यांचं तोंड दिसतं, पर्यटक गाडी थांबवून फोटो काढतात. आम्हाला ओटीवरून दिसते ती नुसती पाठ. घरातल्यांची यावरून कुरकुर असते. माझी नाही, कारण बी धरणाऱ्याला सगळी माहिती त्या पाठीवरच मिळते. ते पुढे सांगते.

आधी फूल भरायला हवं. सूर्यफुलाचं जे आपण एक फूल म्हणतो ती शेकडो बारक्या फुलांची तबकडी असते. कडेची पिवळी पानं म्हणजे पाकळ्या वाटतात, त्यांना बी धरत नाही. मधली बारकी फुलं बाहेरच्या कडेपासून आत आत उमलत जातात, आणि हे आठवडाभर तरी चालतं. प्रत्येक बारक्या फुलात आधी पराग सुटतात आणि मग स्त्रीकेसर वर येतो. जुन्या वाणांना तर स्वतःच्या झाडाचे पराग फारसे चालतही नाहीत. म्हणून हौसेने एकच झाड लावलं की फूल परातीएवढं येतं आणि आत अर्धं बी पोचट निघतं. चारदोन झाडं जवळजवळ असावीत. आमच्याकडे सातेरी आणि फुलोरी माश्या येतात, शिवाय चिऱ्याच्या भिंतीतल्या भोकांत राहणाऱ्या बारक्या, डंख नसलेल्या माश्या. आंब्याला मोहर जोरात असला की त्या सगळ्या तिकडे पळतात. अशा वेळी सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला मी मलमलचा तुकडा हाताला गुंडाळून एका फुलावरून दुसऱ्यावर हलकेच फिरवते. दव सुकल्यावर. ओले पराग चिकटून बसतात.

याच दिवसांत मी बियाण्याची फुलं निवडते आणि देठाला लाल दोरा बांधते. ही निवड फार महत्त्वाची वाटते मला, कारण तिथेच अर्धी काळजी मिटते. एका बऱ्या फुलात काही शे दाणे असतात, मोठ्यात हजाराच्या वरही. अंगणाला पेरायला लागतात तीस-चाळीस. म्हणजे दोन-तीन झाडांवरची एकेक तबकडी राखली तरी वाडीभर वाटता येईल इतकं बी होतं. सगळी फुलं वाचवायची म्हटलं तर माणूस वेडा होईल. सगळ्यात मोठं फूल मी धरत नाही. त्याची मान बहुधा मोडते आणि मधला भाग रिकामा राहतो. खोड सरळ, पानांवर रोग नाही, तबकडी मध्यम आणि दाणे गच्च, असं झाड. आणि एकाच झाडाचं सगळं बी घेऊ नये, वाण हळूहळू कमजोर होतो.

आता खाणाऱ्यांबद्दल. कोण काय करून गेलं हे ओळखता आलं पाहिजे, कारण प्रत्येकावर उपाय निराळा आहे आणि काहींवर नाहीच.

खार सगळ्यात आधी येते. दाण्यात दूध भरू लागलं की तिची फेरी सुरू. ती तबकडीच्या कडेला उलटी लटकते, एकेक दाणा ओढून घेते, गडग्यावर जाऊन बसते आणि दोन हातांत धरून सोलते. गडग्याच्या एका ठरावीक चिऱ्यावर टरफलांचा ढीग दिसला की ती खारच. नीट अर्धी केलेली, स्वच्छ टरफलं. तिची नासाडी कमी. जेवढं सोलते तेवढं खाते. कडेच्या दोन-तीन ओळी साफ करते आणि बाकीच्या उद्यावर ठेवते, पण तो उद्या चुकत नाही.

पोपटांचा कारभार उलट. सकाळी उन्हं वर आली की आगरातून किंचाळत थवा येतो. एकेक जण एकेका फुलावर बसतो, त्या वजनाने मान खाली येते, आणि मग चोचीने ओरबाडणं. खातात त्याहून जास्त खाली सांडतात. कधी मानच कुरतडून टाकतात. सगळे कंठवाले पोपट, क्वचित तुईया. दोन्ही दिसायला इतके सुंदर, की पहिले पाच मिनिटं त्यांना हाकलायचं सुचत नाही. शेजारचे अण्णा म्हणाले, "वहिनी, गलोल देऊ का?" मी नको म्हटलं. एक तर पोपटाला इजा करणं, पकडणं, पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. दुसरं, अण्णांचा नेम मला माहीत आहे, आमची कौलं फुटायची.

मुनिया आणि चिमण्या सांडलेलं टिपतात, त्यांचा हिशेब धरण्यात अर्थ नाही. उंदराचं काम सकाळी दिसतं. फूल जागेवर नसतंच. देठ तिरका कुरतडलेला, आणि शोधलं तर तबकडी गडग्याच्या भोकाशी ओढत नेऊन अडकलेली. आणि वानरं. ती भुकेने येत नाहीत असं माझं मत आहे. काजूला बोंडं धरायला लागलेली असतात, पपया असतात, तरी जाता जाता झाड वाकवायचं, तबकडी मोडायची, हुंगायची, एक चावा घेऊन फेकून द्यायची. त्यांच्यापुढे कुठलंही झाकण टिकत नाही, तेव्हा त्यांच्यासाठी उपाय शोधण्यात मी वेळ घालवलेला नाही. कुत्रा भुंकतो तेवढंच.

झाकणांचे प्रयोग मात्र मनापासून केले. कागदाची पिशवी सगळेजण सुचवतात. घाटावर ती चालत असेल. आमच्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत पहाटे दहिवर असं पडतं की कौलांवरून टपटप ऐकू येतं. पिशवी सकाळी लगदा, दुपारी पापड. आठवडाभरात फाटते आणि त्याआधी आत बुरशीचा पांढरा कापूस दिसायला लागतो. प्लास्टिकची पिशवी तर बांधूच नये, आतला दमट वाफारा बाहेर जायला वाट नाही, तबकडी मागून कुजते.

मासेमारीच्या जाळ्याचा तुकडा इथे सहज मिळतो, आणि नायलॉनचं जाळं पोपटांना अडवतंही. पण वाडीत एकाच्या वांग्यांवर टाकलेल्या जाळ्यात धामण अडकली. तिला सोडवायला सर्पमित्र आला, कात्रीने एकेक धागा कापत अर्धा दिवस गेला, आणि तरी अंगावर काचलेलं राहिलं. अंगणातले उंदीर कमी करणारी तीच एक. जाळं मी तेव्हापासून वापरत नाही.

मग जुना सुती पंचा. फाडून त्याच्या सैल पिशव्या शिवल्या आणि पाकळ्या सुकल्यावर देठाशी नाडी ओढून बांधल्या. त्याआधी बांधायच्या नाहीत, मधमाश्यांना वाट बंद होते. सुती कापड दवाने भिजतं पण दहा वाजेपर्यंत वाऱ्याने सुकतं, आतली हवा खेळती राहते, पोपट गोंधळतात आणि मुनियांचा प्रश्नच मिटतो. पोपटांपुरतं बोलायचं तर याहून सोपा उपाय नाही. पण खारीने दुसऱ्याच दिवशी पिशवीला बुडाशी रुपयाएवढं भोक पाडलं. वर पिशवीमुळे सुटे झालेले दाणे खाली बुडाशी गोळा होत होते, ते तिला आता एकेक ओढायलाही नको. सासूबाई ओटीवरून हे सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "अगो, तिला ताट वाढून दिलंस तू."

खिडक्यांना डासांसाठी लावतात ती पोलादी तारेची जाळी खारीला कुरतडता येत नाही. ॲल्युमिनियमची घेऊ नये, ती दातांनी उसवते. जाळीचे दोन गोल कापून कडा बारीक तारेने शिवल्या, तबकडी आत, देठाशी काथ्याने आवळलं. हे टिकतं. पण वजन होतं, आणि दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटला की झाड डोलायला लागतं, म्हणून शेजारी बांबूची काठी रोवून दोन जागी बांधावं लागतं. शिवाय हाताला ओरखडे. लाल दोऱ्याच्या फुलांपुरतं एवढं करायला हरकत नाही. नारळाच्या खोडाला उंदरांसाठी गुंडाळतात तसा पत्राही मी खोडाला गुंडाळून पाहिला. नारळावर तो कामाचा आहे. सूर्यफुलावर खार गडग्यावरून थेट उडी मारते, ती खोडाकडे बघतही नाही. चकाकत्या पट्ट्या वाऱ्यावर फडफडवल्या तर पोपट सुरुवातीला बिचकतात, नंतर त्याच दोरीवर बसून झोके घेतात.

खरा उलगडा झाला तो माझ्या भाच्यामुळे. तो दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकलेला आहे. सुट्टीत आला होता, अंगणातली ही सगळी पिशव्या-जाळ्यांची जत्रा बघितली आणि विचारलं, "आत्या, तू हे कापायला मशीन आणणार आहेस का?"

म्हटलं, "म्हणजे?"

"मग झाडावर कशाला वाळवतेस? शेतकरी उभं पीक वाळू देतो ते मळणी सोपी व्हावी म्हणून. दाणा त्याच्या कितीतरी आधी तयार होतो."

मुद्दा हा आहे. तबकडीची पाठ हिरवी असते तोवर झाड दाण्यात भरत असतं. हिरव्याची पोपटी, मग लिंबासारखी पिवळी होते, आणि तबकडीला मागून धरून ठेवणारी बारकी पानं कडेने तपकिरी पडतात. या टप्प्याला झाडाकडून दाण्याला मिळायचं ते मिळून चुकलेलं असतं. त्यानंतर झाडावर काही घडत असेल तर ते फक्त वाळणं. दाण्यात तेव्हा ३० ते ४० टक्के ओलावा असतो, आणि तो घरात, सावलीत, आपल्या नजरेसमोरही जाऊ शकतो. पाठ पूर्ण तपकिरी, कडकडीत होईपर्यंत थांबायचं म्हणजे आणखी दोन-तीन आठवडे फूल उघड्यावर ठेवायचं, आणि हेच ते आठवडे जेव्हा सगळी गिऱ्हाइकं जमतात.

तोंडाकडून पाहून हे समजत नाही म्हणाले ते यासाठी. समोरून तबकडी बरेच दिवस काळीच दिसते. पाकळ्या गळतात त्यालाही फार अर्थ नाही, वाऱ्याने आधीच झडतात. पाठ बघायची, आणि आमच्या अंगणात ती ओटीवर चहा पिता पिता दिसते. खात्रीसाठी आणखी एक गोष्ट करते. तबकडीच्या मध्यावर अंगठा फिरवला तर सुकलेल्या बारक्या फुलांचा भुसा सहज सुटायला हवा आणि खाली दाण्याचा रंग दिसायला हवा. आमच्या वाणाचा दाणा करडा-काळा, पट्टेदार. कडेचा एक दाणा काढून नखाने दाबायचा. टरफल दबलं आणि पांढरं पाणी आलं तर अजून वेळ आहे. टरफल टणक आणि आतला गर भरलेला असला की कोयती घ्यायची.

कापते ती दहाच्या पुढे, दव पूर्ण सुकल्यावर. देठ हातभर ठेवते, टांगायला बरा पडतो. बाकीची फुलं तशीच उभी. त्यातली एखादी मोडून गडग्याच्या पार टोकाला उताणी ठेवली तर खार काही दिवस तिकडे रमते, असा माझा अनुभव आहे. सासूबाईंच्या मते ती दोन्हीकडे जाते.

टांगायची कुठे, हा पुढचा विचार. पडवीत वारा चांगला, पण पडवीच्या वाशांवरून उंदरांची रोजची ये-जा. तबकड्या वाशाला बांधल्या तर त्यांना घरपोच. म्हणून वाशापासून बारीक तार सोडायची, तारेत अर्धी करवंटी उपडी ओवायची, आणि तिच्या खाली बऱ्याच अंतरावर तबकडी. उंदीर तारेवरून उतरला तरी करवंटीच्या कडेपाशी अडतो. मोठ्या जहाजांच्या दोरखंडांनाही उंदरांसाठी चकत्या लावतात, कल्पना तीच. भिंतीपासूनही हातभर लांब हवं. तोंड खाली करून टांगते आणि खाली जुनी चादर, सुटे दाणे पडतात त्यासाठी. तबकड्या एकमेकींना टेकता कामा नयेत. फेब्रुवारीत सकाळी मतलई वारा असतो, कोरडा, जमिनीकडून येणारा. त्यात वाळणं झपाट्याने होतं. दुपारी खारा वारा फिरला की हवा पुन्हा दमट, तेव्हा मी पंखा लावते. तबकडीच्या मागचा गर जाड आणि स्पंजासारखा असतो, पाणी तिथेच साठून राहतं. तो मऊ, ओला वाटला किंवा वास आला तर वाट न बघता दाणे लगेच मोकळे करायचे आणि तेवढे पसरायचे.

जांभ्याच्या अंगणात दुपारच्या उन्हात दाणे घालू नयेत. खायला असतील तर घाला. मार्चमध्ये तो चिरा पाय भाजण्याइतका तापतो, आणि पेरायचं बी ४० अंशांच्या वर तापवणं बरं नाही, आतला कोंब मरतो. बाहेरून दाणा छानच दिसतो, त्यामुळे कळतही नाही. सुपात, सकाळचं कोवळं ऊन, मग सावलीत. बस.

दाणे सुटे करणं हे गमतीचं काम आहे, पण हातमोजे घाला. मागच्या पानांचे केस बोटांत शिरतात. दोन तबकड्या तोंडाला तोंड लावून घासल्या की दाणे पावसासारखे पडतात. मधल्या भागातले बारके, चपटे वेगळे राहू द्यावेत, ते बहुधा अर्धे भरलेले असतात. पाखडण्याचं काम सासूबाईंचं. मला अजून त्यांच्यासारखं सूप धरता येत नाही. मनगटाचा एक झटका, आणि पोचट दाणे व भुसा पुढे, भरलेले मागे. काही लोक पाण्यात टाकून तरंगतं ते काढतात. जमतं ते, पण एवढं वाळवलेलं बी कोकणात पुन्हा भिजवायचं धाडस मी करणार नाही. पाखडलेल्यातले चार दाणे सोलून गर वाकवून बघायचा. वाकला तर ओला आहे, कटकन मोडला तर झालं.

खरं तर खार, पोपट ही लढाई फेब्रुवारीतच संपते. नंतरचा शत्रू जास्त चिवट, आणि तो म्हणजे आपली हवा. बी मार्चमध्ये तयार होतं आणि पेरायचं नोव्हेंबरात. मध्ये अख्खा पावसाळा. बाहेर मीठ पाझरतं, पापड वातड होतात, कपाटातल्या चपलांना बुरशी येते, आणि त्याच घरात हे दाणे ठेवायचे. सूर्यफुलाच्या गरात भरपूर तेल असतं. डाळी-धान्यांपेक्षा तेलबिया लवकर मरतात, ओलावा लागला की खवट होतात. साठवताना ओलावा ८-९ टक्क्यांपर्यंत उतरलेला हवा आणि नंतर तो वाढू द्यायचा नाही.

सासूबाईंची पद्धत चुलीतल्या राखेची. काकडी, पडवळ, दोडका यांच्या बिया त्या राखेत चोळून ठेवतात, राख ओलावा ओढते आणि किड्यांनाही ती सोसत नाही. सूर्यफुलाला मी त्यात थोडी भर घातली आहे. घट्ट झाकणाची काचेची बरणी, तळाला कोरड्या भाजलेल्या आणि पूर्ण गार केलेल्या तांदळाची कापडी पुरचुंडी, वर कागदाच्या पाकिटात बी, आणि पाकिटात चिमूटभर चाळलेली राख. तांदूळ दीड-दोन महिन्यांनी बदलायचे. निळे सिलिका जेलचे खडे मिळाले तर आणखी चांगलं, ओलावा शोषला की ते गुलाबी होतात, म्हणजे बदलायची वेळ नजरेला दिसते. फक्त ते खडे मुलांच्या हाती आणि खायच्या डब्यात जाऊ द्यायचे नाहीत. फ्रिजमध्ये ठेवणारे ठेवतात. आमच्याकडे पावसात वीज दिवसदिवस नसते, त्यामुळे माझा फ्रिजवर विश्वास नाही. ठेवलंत तर एवढं पाळा, की बरणी बाहेर काढल्यावर तासभर तरी उघडायची नाही. गार दाण्यांवर आपली दमट हवा लागली की क्षणात पाणी सुटतं. आणि भर पावसात "बघू या कसं आहे" म्हणून बरणी उघडायची नाही, हा नियम घरातल्या सगळ्यांना.

उगवण बघायची घाई असेल तर एक लक्षात ठेवा. ताजं काढलेलं सूर्यफुलाचं बी लगेच उगवत नाही, ते साधारण दीड महिना सुप्त असतं. मार्चमध्ये ओल्या फडक्यात घातलेले दाणे जसेच्या तसे राहिले तर ते मेले असं समजून फेकू नका. मी आता मेच्या मध्याला, पाऊस येण्याआधी, दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून बशीत ठेवते. आठवड्यात आठ-नऊ उगवले की बरणी बंद करून निश्चिंत. पाच-सहाच उगवले तर नोव्हेंबरात दाट टोकायचं. त्याहून कमी असतील, तर पाऊस लागण्याआधीच मावशीला फोन करावा, दिवाळीपर्यंत ताणू नये.

मागच्या मोसमाचं बी वाडीत वाटलं. वर्तमानपत्राच्या पुड्या, वर महिना आणि वाण लिहून. शेजारच्या अण्णांनी दोन पुड्या नेल्या. एक खायला, असं नंतर कळलं. टोकताना बी तीन-चार सेंटिमीटर खोल जायला हवं. वरवर टाकलं की होले आणि मुंग्या नेतात. टोकल्या जागेवर मी भोक पाडलेली करवंटी उपडी ठेवते, आणि कोंब वर आला की काढते. दोन पानांचं रोप हातभर होईपर्यंत मात्र अण्णांच्या कोंबड्या अंगणात सोडायच्या नाहीत, असं त्यांच्या बायकोशी ठरलंय. अण्णांशी ठरवून उपयोग नसतो.